दोन वाहनांचा नियम आणि आमची बोट



आम्ही बोट घेतली ही बातमी मी कुणाला सांगायच्या आधीच तुमच्यापर्यंत पोचली होती. आपल्या रविवारच्या स्वाध्यायात दोघी-तिघींनी विचारलं, फोनही आले. काहींना खरंच माहिती हवी होती, कारण अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या बऱ्याच घरांत मुलं हाच हट्ट धरून बसली आहेत. काहींचा सूर वेगळा होता. चातुर्मासात पालेभाजी सोडणारी, पाणी गाळून पिणारी बाई पाण्यावर भन्नाट वेगानं पळणारी जेट बोट कशी घेते? प्रश्न चुकीचा नाही. मी स्वतः तो घरात सहा महिने विचारत होते. म्हणून आज सगळं एकदाच लिहिते. बोटीचंही आणि नियमाचंही.

आधी नियम. २०१८ साली भारतात आलो होतो तेव्हा कुंभोज-बाहुबलीला आर्यिका माताजींच्या समोर मी परिग्रहपरिमाण घेतलं. सोनं किती, साड्या किती, घर एक, असं सगळं वहीत लिहिलं. त्यात एक ओळ होती, घरातली वाहनं दोन. त्या वेळी ते अगदी सोपं वाटलं होतं, कारण गाड्या दोनच होत्या आणि तिसरीची गरज पडेल असं स्वप्नातही नव्हतं. आमचे हे नियम घेणाऱ्यांतले नाहीत, पण घरासाठी म्हणून मी लिहिलेल्या त्या ओळीला त्यांनी मान डोलावली होती. ही मान डोलावणी मी पुढे फार वेळा आठवून दिली.

आता बोटीचं वेड कुठून आलं ते. आमचे हे सांगलीचे. लहानपणी आयर्विन पुलाखाली कृष्णेत पोहलेले. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की होड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्या घाटावर बसून बघितलेल्या. वल्ही मारणाऱ्यांचा तो एका दमातला आवाज हे अजून तोंडानं काढून दाखवतात. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर घरापासून तासाभरावर लेक लेनियरसारखं पाणी दिसलं तेव्हाच यांच्या मनात काहीतरी शिजायला लागलं असणार. लेक म्हणतात, पण ते धरणाचं पाणी आहे. चॅटाहूची नदीवर १९५०च्या दशकात ब्युफर्ड धरण बांधलं, त्याच्या मागे हा जलाशय भरला. जवळजवळ अडतीस हजार एकर. १९९६च्या ऑलिंपिकमधल्या रोइंगच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या. अटलांटा शहराच्या नळाला येणारं पाणीही याच नदीचं, म्हणजे आपण घरी फडक्यानं गाळतो तेच.

पण वेड वीस वर्षं मनात राहू शकतं. ते बाहेर आलं मुलामुळे. पंधरावं लागलं आणि आमचा मुलगा खोलीत गेला तो गेलाच. जेवायला यायचा, मान खाली घालून चार घास खायचा, पुन्हा दार बंद. ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांना मी अधिक सांगायला नको. २०२३च्या उन्हाळ्यात ह्यांच्या ऑफिसातल्या एका मित्रानं आम्हाला त्याच्या बोटीवर नेलं. मुलगा वेकबोर्डवरून अकरा वेळा पडला आणि बाराव्यांदा उभा राहिला. घरी येताना गाडीत तो सव्वा तास बोलत होता. मी मागे बसून काही न बोलता ऐकत होते, मध्ये काही विचारलं तर थांबेल अशी भीती. त्या रात्री आमच्या ह्यांनी लॅपटॉप उघडला.

मी नको म्हणाले. खर्च हे कारण होतंच, पण खरं कारण दुसरं होतं. आपण श्रावकाच्या व्रतांत शिकतो ना, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही. स्वयंपाक, झाडलोट, घर चालवणं यात ती होतेच. आमचे हे तोच मुद्दा घेऊन बसले. गाडी चालवतो तेव्हा जीव मरत नाहीत का? मी म्हटलं, गाडीनं तुम्ही कामावर जाता. ही बोट कशासाठी? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला शेवटचा प्रमादचर्या, म्हणजे काही कारण नसताना माती, पाणी, अग्नी, वारा यांना त्रास देणं, उगाच भटकणं. मौजेसाठी पाणी घुसळत फिरणं याच्याइतकं नेमकं उदाहरण मला तरी दुसरं सापडत नव्हतं. पाण्याच्या एका थेंबात जीव मानणाऱ्या घरातली मी. हे माझ्याशी वाद घालू शकले नाहीत. गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला वादापेक्षा जड गेलं.

मध्ये थोडं या बोटीबद्दल सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल.

साध्या मोटरबोटीला मागे पंखा असतो, प्रोपेलर. तो पाण्यात उघडा फिरतो. जेट बोटीला बाहेर पंखा नाही. बोटीच्या पोटाला एक जाळी असते, तिथून पाणी आत ओढलं जातं, आतल्या बोगद्यात इम्पेलर फिरतो आणि ते पाणी मागच्या तोंडातून जोरानं बाहेर फेकतो. त्या झोतानं बोट पुढे जाते. मागचं तोंड डावी-उजवीकडे वळलं की बोट वळते. ही युक्ती कामाची करून दाखवली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी, १९५०च्या दशकात. त्यांच्याकडच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या, पंखा लगेच आपटायचा. १९६० साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट्या प्रवाहात वर चढून गेल्या. ही गोष्ट आमच्या ह्यांनी मला निदान चार वेळा सांगितली आहे.

घरच्या माणसांसाठी या रचनेचा मोठा फायदा म्हणजे पाण्यात पडलेल्या मुलाच्या पायाजवळ उघडं पातं नसतं. आणि पाण्यातल्या जिवांनाही उघड्या पात्याचा घाव बसत नाही. याचा अर्थ बोट निर्धोक झाली असा नाही, ते मी पुढे लिहितेच. बारीक जीव त्या बोगद्यात मरत नाहीत असं म्हणणं तर स्वतःची फसवणूक होईल.

तोटेही ऐका. पंख्याच्या बोटीपेक्षा पेट्रोल जास्त पिते. आवाज जास्त. हळू जाताना बोट सरळ रेषेत जात नाही, शेळी हाकल्यासारखी इकडेतिकडे भटकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोत थांबला की वळणं जवळजवळ थांबतं. समोर काही दिसलं की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, आणि नेमकं तेव्हाच बोट वळत नाही. थोडी गती ठेवूनच वळवायला लागतं. हे हाताला शिकवावं लागतं, पुस्तकात वाचून भागत नाही. ह्यांनी पहिले दोन दिवस कुणालाही न नेता रिकाम्या पाण्यात फक्त धक्क्याला लावायचा सराव केला.

तर २०२४च्या एप्रिलमध्ये सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. बोट घ्यायची की नाही हा विषय घरात धुमसतच होता. मला वाटलं, आता माझ्या बाजूला एक भक्कम माणूस आलं. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यातून २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईंना वरच्या मजल्यावरून रबरी बोटीत उतरवून बाहेर काढलं होतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून बोट हा शब्दच घरात कुणी आईंसमोर काढत नव्हतं.

मीच काढला. सगळं सांगितलं, अनर्थदंडाचंही. आई तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अनर्थ म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "प्रयोजन नसलेलं."

"मग तुमचं प्रयोजन काय आहे ते आधी ठरवा. पोरगं बोलतंय म्हणून घ्यायची असंल तर तसं लिही वहीत. मजा म्हणून घ्यायची असंल तर तसं लिही. आणि वर्ष झालं की ते वाच. खोटं असंल तर तुलाच दिसंल."

"आणि वाहनांचा नियम?"

"तो तुझा नियम. त्यात मी काय सांगू? नियम वाढवायला येत नाही, एवढं मला माहिती आहे."

म्हणजे आईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. माझ्या बाजूचं माणूस वगैरे काही नाही.

या वाहनांच्या ओळीवर पुढचे तीन आठवडे गेले. पळवाटा भरपूर होत्या आणि त्या सुचवणारेही. बोट ह्यांच्या नावावर घ्या, नियम तुमचा आहे. दुसऱ्या कुटुंबाबरोबर अर्धी-अर्धी घ्या, म्हणजे वाहन अर्धंच झालं. एका मैत्रिणीनं तर विचारलं, वाहन म्हणजे जमिनीवरचं, पाण्यावरचं कुठं लिहिलंय? हसायला आलं, पण ज्या दिवशी ती ओळ लिहिली त्या दिवशी माझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. घरात चालवायच्या गोष्टी दोनच. बोट चालवायची गोष्ट आहे.

म्हणजे एक गाडी जायला हवी होती. मोठी गाडी जाऊ शकत नव्हती, बोट ओढायला तीच लागणार. राहिली माझी जुनी कॅमरी. मी घरून काम करते, त्यामुळे माझं अडत होतं असं नाही, पण इथे उपनगरात गाडीशिवाय बाई म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. देरासर चाळीस मिनिटांवर, किराणा दोन मैलांवर, बस नाही. आणि मुख्य म्हणजे ती कॅमरी मुलाला सोळावं लागलं की त्याला मिळायची होती. त्याला तसं आम्ही सातवीतच कबूल केलं होतं. त्याचे सगळे मित्र त्याच दिवसाची वाट बघत होते.

त्यालाच विचारलं. ह्यांना ते आवडलं नाही, एवढ्या लहान मुलावर हा निर्णय टाकू नये असं त्यांचं मत. मला वाटलं, त्याची वस्तू जाणार असेल तर त्यालाच विचारायला हवं. जेवणाच्या टेबलावर सरळ सांगितलं की आईचा नियम असा आहे, नियम बदलणार नाही, गाडी किंवा बोट. बोट नको असेल तर कुणी रागावणार नाही. तो म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "बोट." मग जरा थांबून, "पण मला कुठं सोडायला आलीस की गाणी माझी." आजतागायत त्याची गाणी ऐकत मी गाडी चालवते आहे. काही बरी असतात.

बोट नवी घेतली नाही. नव्याची किंमत ऐकून आई म्हणाल्या, सांगलीत एवढ्यात घर येतं. २०१८ सालची यामाहाची एआर १९० मिळाली, एकोणीस फुटी, एक इंजिन, आठ माणसांची, ट्रेलरसकट. ज्या दुकानात आधी बघितली होती तिथल्या विक्रेत्यानं इंजिनचे तास कमी सांगितले होते, आमच्या ह्यांनी मीटर चालू करून बघितलं तेव्हा आकडा दुप्पट निघाला. तिथून आम्ही चहाही न घेता उठलो. दुसरीकडे एका निवृत्त जोडप्याची मिळाली. जुनी घेणाऱ्यांनो, गाडीला किलोमीटर बघतात तसे इथे तास बघा. इम्पेलरची पाती हात घालून नाही, टॉर्च मारून बघा, कडा खाल्लेल्या असतील तर आधीच्या मालकानं वाळू-खडे ओढले आहेत. विकत घ्यायच्या आधी पाण्यात चालवून दाखवायला सांगा. बागेच्या नळीवर सुरू करून दाखवलेली बोट म्हणजे चुलीवर न चढवलेलं भांडं.

आणि घेण्यापेक्षा ठेवणं महाग, हे लक्षात असू द्या. आमच्या सोसायटीत घरापुढे बोट उभी करायला परवानगी नाही, म्हणून महिन्याला जागेचं भाडं. विमा. राज्याची नोंदणी. दिवसभर फिरलो तर पंधरा-अठरा गॅलन पेट्रोल जातं, आणि पाण्यावरच्या पंपावर ते रस्त्यावरच्यापेक्षा महाग असतं. पांढरा हत्ती म्हणतात तो हाच. आमच्या घरी मी हा सगळा खर्च वेगळ्या पानावर लिहिते आणि वर्षाला जेवढा होतो तेवढीच रक्कम आहारदान आणि औषधदानासाठी काढते. त्यामुळे हे पेट्रोल भरताना दोनदा आकडा बघतात.

आता सुरक्षेचं. हा भाग चाळू नका.

लाइफ जॅकेट. जॉर्जियात तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घालायलाच हवं असा कायदा आहे. आमच्याकडे सगळ्यांनी, आईंनीसुद्धा. सहावारीवर जॅकेट घालून बसलेल्या आज्जीचा फोटो मुलीनं मोबाइलवर लावला आहे. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेली असली पाहिजे, म्हणजे माणूस पडला तर इंजिन आपोआप बंद पडतं. २०२१च्या एप्रिलपासून ते देशभर सक्तीचं आहे. १९९८च्या पहिल्या जानेवारीनंतर जन्मलेल्यांना इथे बोट चालवायला प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलानं ते केलं, आता बाप शेजारी बसला असेल तर तो चालवतो. धक्का, पोहणारी माणसं, उभ्या बोटी यांच्यापासून शंभर फुटांच्या आत अगदी संथ जायचं. इंजिन सुरू करायच्या आधी चार मिनिटं पंखा लावून इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढायची. आमची धाकटी या चार मिनिटांत बरोबर नऊ वेळा णमोकार म्हणते, सावकाश. घड्याळ लागत नाही.

बायकांसाठी मुद्दाम दोन गोष्टी, कारण दुकानात हे कुणी नीट सांगत नाही. पोटाजवळची ती जाळी पाणी जोरानं ओढते. मोकळे केस, ओढणी, पदर, कुर्त्याच्या नाड्या, दोऱ्या यांना ती सोडत नाही. पाण्यात कुणीही असलं की इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रलला नाही. आणि मागच्या झोताच्या समोर कधीही बसायचं-पडायचं नाही. तो झोत शरीराच्या नाजूक भागांत शिरून आतून गंभीर इजा करू शकतो, त्यासाठी जाड, अंगाला घट्ट बसणारी विजार घालावी अशी सूचना या जेटवर चालणाऱ्या वाहनांवर लिहिलेली असते. साधा पोहण्याचा पोशाख त्याला पुरत नाही. म्हणजे आपल्याकडच्या बायका पूर्ण अंगाचा पोशाख मागतात तेव्हा दुकानातल्या मुलींनी हसायचं काही कारण नाही. मी आणि मुलगी दोघी घोट्यापर्यंत घालतो. तसंच इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसून पाय सोडायचे नाहीत. तिथे धुराचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि त्यानं इथे माणसं मेलेली आहेत.

आईंनी पहिल्यांदा बोट पाहिली ती ट्रेलरवर, आमच्या गल्लीत. चारी बाजूंनी फिरल्या. मग विचारलं, "किती माणसं बसायची हे कुठं लिहिलंय?" मुलीनं चालवायच्या जागेजवळची पट्टी दाखवली. किती माणसं, किती वजन. आईंनी चष्मा लावून तिच्याकडून ती पट्टी दोनदा वाचून घेतली. "नववा आला तर?" मुलगी म्हणाली, "तो किनाऱ्यावर थांबेल, आज्जी." आई त्या दिवशी आल्या नाहीत. पुढच्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी सकाळी देवदर्शन करून स्वतःच गाडीत येऊन बसल्या, हातात धपाट्यांचा डबा. पाण्यावर पहिली दहा मिनिटं आईंनी डोळे मिटले होते. मग उघडले. काय वाटलं ते आईंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ह्यांनी मात्र त्या दिवशी सगळा वेळ इतकी हळू चालवली की पेट्रोलची टाकी जवळजवळ भरलेलीच परत आणली.

आमचे नियम असे बसले. वर्षाला बारा दिवस, हे भोगोपभोगाच्या पानावर लिहिलं. अष्टमी-चतुर्दशीला नाही, दशलक्षणात नाही. मासे पकडायला नाही, दारू नाही. सूर्यास्ताच्या एक तास आधी बोट पाण्याबाहेर, म्हणजे जेवण उजेडात होतं. इथे तर सूर्यास्त ते सूर्योदय पाण्यात माणसाला ओढत नेणंच कायद्यानं बंद आहे. मुलगा म्हणाला, "आई, जॉर्जिया राज्य तुमच्याच पंथाचं आहे." डब्यात दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याचे वेफर्स, काकडी. पाण्यावर भूक भयंकर लागते, नेहमीच्या दीडपट न्या.

मासेमारीवरून एक अवघड प्रसंग आला. ह्यांचे एक सहकारी, अगदी भला माणूस, शनिवारसाठी बोट मागायला आला. मुलाला घेऊन मासे पकडायला जायचं होतं. आपण नाही पकडत, पण बोट आपली. पाच अनर्थदंडांत हिंसादान हा एक आहे, हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. ह्यांनी स्वतःच नाही म्हटलं, माझं नाव पुढे न करता. म्हणाले, आमच्या घरात हे चालत नाही. त्या माणसानं वाईट वाटून घेतलं का ते कळलं नाही. नंतर तो आमच्याबरोबर वेकबोर्डला आला, मुलासकट, आणि दशम्या दोघांनी मिळून संपवल्या.

मला स्वतःला ज्या गोष्टीनं खरं चकित केलं ती शेवटी लिहिते. लहानपणी आमच्या गावी विहिरीचं पाणी गाळलं की फडकं उलटं करून, गाळण्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत हळूच सोडायचे. दुसऱ्या विहिरीचं पाणी असेल तर त्या विहिरीत. आजी त्यासाठी भर उन्हात परत जायची. मी शाळेत शिकलेली, मला तो निव्वळ सोपस्कार वाटायचा. आता बोट पाण्याबाहेर काढली की धक्क्यावर पाटी असते. धुवा, रिकामी करा, वाळवा. कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात गेले की अनर्थ होतो. झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले युरोपातून जहाजांच्या पाण्यातून आले, १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले, आणि तिथून बोटींना चिकटून कुठल्या कुठे गेले. तिथले मूळचे शिंपले त्यांनी गुदमरवून मारले. जेट बोटीच्या बोगद्यात पाणी साचून राहतं, म्हणून ती बाहेर काढल्यावर काही क्षण इंजिन चालवून ते पाणी झटकायचं, खालची झाकणं उघडायची, जाळीतलं गवत हातानं काढून तिथेच ठेवायचं. हे काम मी माझ्याकडे घेतलं आहे. ह्यांना घाई असते, मला नसते.

घरी आल्यावर नळीनं इंजिन धुताना क्रम पाळा. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी इंजिनात शिरतं आणि मग मेकॅनिकचं बिल येतं. फ्रिजवर चिकटवून ठेवलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर आईंच्या सांगण्याप्रमाणे वही उघडली. प्रयोजनाच्या पानावर मी लिहिलं होतं की मुलाशी बोलणं व्हावं म्हणून. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होत्या. बारापैकी नऊ दिवस वापरले होते. मुलगा बोलतो, पण बोटीवरच जास्त, घरी अजून दार बंदच असतं. मी तसंच लिहिलं. त्याखाली हेही लिहिलं की नऊपैकी दोन दिवस तो आलाच नव्हता, मित्रांकडे गेला होता, आणि आम्ही तरीही गेलो. ते दोन दिवस कशासाठी होते? आईंना वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "लिहिलंस ना? मग झालं. पुढच्या साली दहाच लिही."

तर यंदा दहा होते, सगळे वापरले. मुलगा दोन वर्षांत कॉलेजला जाईल. बोट तेव्हा ठेवायची का विकायची यावर घरात दोन मतं आहेत, आणि धाकटी म्हणते तिचं प्रयोजन कुणी विचारलंच नाही. तिनं पुढच्या वर्षीचं पंचांग घेऊन अष्टमी-चतुर्दशीवर फुल्या मारल्या आहेत. मे महिन्यात तीन रविवार मोकळे सापडलेत.